पडदा बसल्यानंतर : दृष्टिपटलावरील शस्त्रक्रिया आणि प्रतिमा-तपासणी यांचा आढावा

सोलापूर, पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट आणि सीमेपलीकडील विजापूर-गुलबर्गा या टापूत ‘डोळ्याचा पडदा सरकला’ हे शब्द आता कोणाला नवखे वाटत नाहीत. शस्त्रक्रिया पार पडून डॉक्टरांनी ‘पडदा बसला’ असे सांगितले, की रुग्णाबरोबर आलेली मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु पडदा जागेवर बसूनही कित्येकांची दृष्टी पूर्ववत होत नाही, सरळ रेषा वाकड्या दिसतात, वाचताना मधलीच अक्षरे गळतात, आणि क्वचित बसलेला पडदा महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा सुटतो. अशा गुंतागुंती प्रगत प्रतिमा-यंत्रांनी किती लवकर आणि किती खात्रीने ओळखता येतात, आणि त्या ओळखल्याने रुग्णाचे प्रत्यक्ष हित किती साधते, या प्रश्नावर गेल्या तीन दशकांत नेत्रतज्ज्ञांमध्ये जो विचार झाला, त्याचा आढावा घेण्याचा येथे हेतू आहे.

पूर्वपीठिका

जिवंत माणसाच्या डोळ्यात डोकावून पाहण्याचे साधन जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली प्रसिद्ध केले. मात्र त्यानंतर सुमारे सत्तर वर्षे अशी स्थिती होती, की सुटलेले दृष्टिपटल, म्हणजेच पडदा, वैद्यांना दिसे, पण बसविता येत नसे. पडद्याला पडलेली चीर हेच तो सुटण्याचे मूळ कारण असून ती बंद केल्याखेरीज दुसरा इलाज नाही, हे लोझान येथील ज्यूल गोनँ यांनी १९२०च्या दशकात शस्त्रक्रियेने सिद्ध करून दाखविले. पुढे १९४०च्या दशकात शेपेन्स यांनी दोन्ही डोळ्यांनी पाहावयाचे, कपाळावर बांधण्याचे नेत्रदर्शक यंत्र प्रचारात आणल्यामुळे पडद्याच्या कडेपर्यंत तपासणी करणे सुलभ झाले, १९४९ मध्ये कुस्टोडिस यांनी डोळ्याला बाहेरून आधार देण्याची, ज्याला आज ‘बकल’ म्हणतात ती पद्धत सुरू केली, आणि १९७१ मध्ये रॉबर्ट माकेमर यांनी डोळ्यातील काचद्रव बारीक छिद्रांवाटे काढून टाकण्याची व्हिट्रेक्टॉमी पुढे आणली. या प्रत्येक पावलाबरोबर यशाचे प्रमाण वाढत गेले खरे. पण यशाची कसोटी एकच राहिली, ती म्हणजे पडदा बसला की नाही. मागे राहिलेल्या दृष्टिदोषाचे खापर ‘पडदा फार दिवस सुटलेला होता’ या एका कारणावर फोडले जाई, आणि याहून खोलात जाण्यास साधनही नव्हते.

ते साधन १९९१ मध्ये आले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशाच्या व्यतिकरणाचा उपयोग करून दृष्टिपटलाचा आडवा छेद टिपून दाखविला, आणि त्या तंत्रास ओसीटी हे आज घराघरांत पोहोचलेले नाव मिळाले. योगायोग असा, की त्याच वर्षी केली आणि वेंडेल या दोन शल्यवैद्यांनी, तोवर असाध्य समजले जाणारे पीतबिंदूचे, म्हणजे पडद्याच्या मध्यबिंदूचे, छिद्र शस्त्रक्रियेने बंद होऊ शकते, असे ५२ डोळ्यांच्या अनुभवावरून जाहीर केले. त्यांपैकी ३० डोळ्यांत छिद्र बंद झाले होते. एक नवी शस्त्रक्रिया आणि तिचा निकाल नीट दाखविणारे तंत्र अशा रीतीने बरोबरीनेच जन्मास आले. मला वाटते, पुढील साऱ्या चर्चेचे बीज या योगायोगात आहे.

प्रतिमेत काय दिसते

तपासणी अगदी साधी असते. रुग्ण हनुवटी टेकवितो, कपाळ पट्ट्याला लावतो, ‘आतल्या खुणेकडे बघा, पापणी मिटू नका’ असे तंत्रज्ञ सांगतात, आणि काही सेकंदांत डोळ्याला कोठेही स्पर्श न होता काम आटोपते. विहीर खणताना माती, मुरूम आणि खडक यांचे थर काठावर उघडे पडावेत, तसे पाव मिलिमीटर जाडीच्या त्या नाजूक पडद्याचे थर संगणकाच्या पडद्यावर उमटतात : मध्यभागी पीतबिंदूचा उथळ खळगा, आणि तळाशी प्रकाशग्राही पेशींची साक्ष देणारी एक उजळ अखंड रेषा. सुरुवातीची यंत्रे सेकंदाला शंभर ते चारशे रेघा टिपत आणि दहा मायक्रॉनपर्यंतचा भेद दाखवीत. २००६ च्या सुमारास आलेल्या वर्णपटीय यंत्रांनी हा वेग वीस हजारांच्या पलीकडे नेला आणि भेद पाच-सात मायक्रॉनवर आणला, तर आजची यंत्रे सेकंदाला लाखभर रेघाही टिपतात.

या रेघांनी शस्त्रक्रियेनंतरच्या कोणकोणत्या गोष्टी उजेडात आणल्या, याचा पहिला दाखला बकलच्या शस्त्रक्रियेचा देता येईल. बाहेरून पाहता पडदा पूर्ण बसलेला आहे, तरी रुग्ण ‘अंधूकच दिसते’ म्हणतो, हे कोडे वर्षानुवर्षे होते. ओसीटीने दाखविले, की पीतबिंदूच्या खाली पाण्याचा एक पातळ थर शिल्लक राहतो, तो नेत्रदर्शकाने दिसत नाही, आणि जिरण्यास कित्येकदा अनेक महिने लागतात. बहुतेकांत तो आपोआप जिरत असल्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करण्याऐवजी वाट पाहणे इष्ट ठरते, आणि रुग्णालाही ‘शस्त्रक्रिया फसली’ असे न सांगता खरे कारण दाखवून धीर देता येतो.

दुसरा दाखला पीतबिंदूच्या छिद्राचा. या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात वायू भरून रुग्णास कित्येक दिवस पालथे राहण्यास सांगण्याचा प्रघात आहे, आणि हातावर पोट असलेल्या माणसास तो किती जड जातो, हे त्याच्या घरच्यांनाच ठाऊक. जर्मनीतील एकार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला, की डोळ्यात केवळ हवा भरावी, पुढील दिवसांत हवेच्या बुडबुड्यातूनच ओसीटी काढावी, आणि छिद्र मिटलेले दिसले की पालथे राहण्याची सक्ती उठवावी. पुष्कळ रुग्णांची सुटका काही दिवसांतच झाली. येथे प्रतिमेने गुंतागुंत शोधली नाही. ती नसल्याची ग्वाही दिली, आणि त्या ग्वाहीचेही मोल रुग्णाच्या लेखी थोडे नाही.

तिसरा विषय सिलिकॉन तेलाचा, आणि आपल्याकडे तो अधिक जिव्हाळ्याचा. रुग्ण उशिरा येतो, पडद्यावर व्रणतंतूंची जाळी म्हणजे पीव्हीआर तयार झालेली असते, म्हणून वायूऐवजी तेल भरावे लागते. ते साधारणतः तीन ते सहा महिन्यांत काढावे असा संकेत असला, तरी ‘दिसतंय की बरं’ म्हणून लोक मुदत उलटून गेली तरी फिरकत नाहीत. दरम्यान तेल फुटून त्याचे सूक्ष्म थेंब होतात, नेत्रदाब वाढतो, आणि क्वचित कारण न समजता मध्यदृष्टी खालावते. ओसीटीत हे थेंब तेजस्वी ठिपक्यांसारखे दिसतात, आणि आतील पेशीथरांचे पातळ होणेही मोजता येते. तेलाने भरलेल्या डोळ्यात ध्वनिलहरींची तपासणी मात्र फसवी ठरते, कारण काचद्रवात सेकंदाला सुमारे १५३० मीटर धावणारा ध्वनी तेलात हजार मीटरच्याही आत येतो आणि डोळा प्रत्यक्षाहून मोठा भासतो. म्हणून अशा डोळ्यांत प्रकाशावर चालणाऱ्या प्रतिमेचे महत्त्व वाढते.

याखेरीज पीतबिंदूवरील सूज, नव्याने येणारा पातळ पापुद्रा, बाहेरील थरातील सुरकुत्या, शस्त्रक्रियेत वापरलेल्या जड द्रवाचा पीतबिंदूखाली राहून गेलेला थेंब या गोष्टीही ओसीटी दाखविते. पडद्याचे स्वयंदीपन टिपणारी दुसरी एक पद्धत आहे. तिच्या साहाय्याने शिरागामी आदी जपानी संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले, की व्हिट्रेक्टॉमीनंतर निम्म्याहून अधिक डोळ्यांत पडदा बसतो खरा, पण मूळ जागेपासून किंचित सरकून बसतो, आणि रक्तवाहिन्यांच्या जुन्या जागी त्यांची उजळ छाप मागे राहते.

मतभेदाची स्थळे

पडदा सरकून बसतो, या शोधाने वादाला तोंड फुटले. टोरांटो येथील सेंट मायकल्स रुग्णालयात झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि १७६ रुग्णांचा समावेश असलेल्या तौलनिक चाचणीत, डोळ्यात केवळ वायूचा बुडबुडा सोडून पडदा बसविण्याची जुनी सोपी पद्धत आणि व्हिट्रेक्टॉमी यांची तुलना करण्यात आली. पहिल्याच प्रयत्नात पडदा बसण्याचे प्रमाण व्हिट्रेक्टॉमीत ९३ टक्के, तर वायूच्या पद्धतीत ८१ टक्के भरले. परंतु वर्षअखेर दृष्टी वायूच्या गटात सरस ठरली आणि वाकडे दिसण्याचा त्रासही कमी आढळला. त्याच रुग्णांच्या प्रतिमांच्या पुढील अभ्यासात प्रकाशग्राही पेशींची रेषा व्हिट्रेक्टॉमीच्या गटात अधिक वेळा तुटक दिसली. ही चाचणी करणारे राजीव मुनी आणि त्यांचे सहकारी यावरून असे प्रतिपादन करतात, की पडदा नुसता बसणे पुरेसे नसून तो कसा बसला हे पाहिले पाहिजे, आणि सरकून बसणे ही स्वतंत्र गुंतागुंत म्हणून नोंदली पाहिजे.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही तितकेच विचारार्ह आहे. त्या चाचणीत चीर वरच्या दोन-तृतीयांश भागात, मर्यादित विस्तारात असलेले रुग्णच घेतले होते. ज्याच्या पडद्यावर व्रणतंतू आलेले आहेत किंवा जो महिनाभराने येतो, त्याला तो निकाल लागू करता येत नाही. शिवाय शंभरांत बाराजणांना अधिकची दुसरी शस्त्रक्रिया लागणे, ही जेथे रुग्ण दोनशे-तीनशे किलोमीटरवरून येतो तेथे लहान बाब नव्हे. आणि सरकलेला पडदा प्रतिमेत दिसला, तरी त्यांतील पुष्कळांना काहीच त्रास जाणवत नाही; तेव्हा जे रुग्णास जाणवत नाही त्यास गुंतागुंत म्हणावे का, हा प्रश्न ते विचारतात. माझा कल पहिल्या पक्षाकडे आहे, तो एवढ्याचसाठी, की नोंद न ठेवल्यास त्रास कोणाला होतो आणि कोणाला होत नाही हे पुढेही कळणार नाही. पण दूरच्या रुग्णाबाबत दुसऱ्या पक्षाचा युक्तिवाद मला आजही निरुत्तर करतो.

असाच वाद पीतबिंदूवरील आतले पातळ आवरण सोलण्यासंबंधी आहे. सोलल्यानंतर प्रतिमेत मज्जातंतूंच्या थरावर बारीक खळगे उमटतात, हे फ्रेंच संशोधक तादायोनी यांनी २००१ मध्ये निदर्शनास आणले. त्याने दृष्टीचा तक्ता वाचण्यात फरक पडत नाही असे बहुतेकांचे मत, तर सूक्ष्म तपासणीत दृष्टिक्षेत्रात बारीक अंध ठिपके सापडतात असे काहींचे; आवरण सोलल्याने छिद्र अधिक खात्रीने मिटते, म्हणून सोलणे मात्र कोणी थांबविलेले नाही.

शस्त्रक्रिया चालू असतानाच सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या ओसीटीने पाहत जावे, म्हणजे गुंतागुंत टेबलावरच पकडता येईल, हा आणखी एक मार्ग. क्लीव्हलँड येथील एलर्स यांच्या गटाने २०१८ मध्ये ८३७ डोळ्यांचा तीन वर्षांचा अनुभव मांडला, आणि पडद्याच्या शस्त्रक्रियांपैकी सुमारे २९ टक्के प्रसंगी प्रतिमेमुळे शल्यवैद्याने आपला निर्णय बदलला असे नमूद केले. निर्णय बदलणे आणि निकाल सुधारणे या दोन गोष्टींत मात्र अंतर आहे, आणि ते या आकड्याने भरून निघत नाही. संगणकाकडून प्रतिमा वाचून घेण्याच्या प्रयत्नांचीही गत तशीच : लंडनच्या मूरफिल्ड्स रुग्णालयातील २०१८ चा प्रयोग, किंवा मदुराईच्या अरविंद व चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील छायाचित्रांवर झालेली, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली मधुमेही पडद्याची चाचणी, दोन्ही कौतुकास्पद आहेत, पण शस्त्रक्रिया झालेला पडदा, त्यातील वायूची कड, तेलाचे परावर्तन, उंचसखल झालेले थर हे सारे त्या चाचण्यांच्या कक्षेबाहेरचे होते.

यंत्रांच्या मर्यादा

सर्वांत भयंकर गुंतागुंत म्हणजे पडदा पुन्हा सुटणे, आणि ते बहुधा पहिल्या दोन महिन्यांत, कडेकडून सुरू होते. ओसीटीचे लक्ष पीतबिंदूच्या आसपास असते. पाणी तेथे पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. रुंद क्षेत्राचे छायाचित्र घेणारी यंत्रे ही उणीव काही अंशी भरून काढतात. स्कॉटलंडच्या डग्लस अँडरसन यांच्या लहानग्या मुलाचा पडदा सुटल्याचे वेळीच न कळल्याने त्याचा एक डोळा गेला, आणि त्या दुःखातून अँडरसन यांनी एका झटक्यात दोनशे अंशांपर्यंत, म्हणजे पडद्याचा सुमारे ८२ टक्के भाग टिपणारे यंत्र घडविले. पण या यंत्रातही खालच्या पापणीचे केस आड येतात, आणि तेल व वायू दोन्ही पाण्यावर तरंगत असल्याने आधाराविना राहणारा भागही खालचाच. जेथे धोका अधिक, तेथेच चित्र अपुरे. म्हणून बाहुली मोठी करून, कपाळावरचे यंत्र बांधून, डोळा दाबून कडेपर्यंत पाहण्याची शेपेन्स यांची रीत कोणत्याही पक्षाने मोडीत काढलेली नाही.

नेत्रदाबही चित्रात दिसत नाही. मुंबईला शस्त्रक्रिया होऊन डोळ्यात वायू असतानाच सोलापूरला परतणारा रुग्ण खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटर चढतो. बाहेरच्या हवेचा दाब घटला की आतला वायू फुगतो, आणि नेत्रदाब वाढू शकतो. अशा प्रवासाची परवानगी डॉक्टरांकडून आधी घ्यावयाची असते, आणि डोळा दुखू लागल्यास ओसीटीची तारीख येईपर्यंत न थांबता त्याच दिवशी दाब मोजून घ्यावयाचा असतो.

सोलापूरच्या दृष्टीने

अंधत्व-निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला, तेव्हा मोतीबिंदू हेच अंधत्वाचे प्रमुख कारण होते, आणि शिबिरांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंतची सारी घडी त्या एका शस्त्रक्रियेभोवती बसली. मोतीबिंदूचा रुग्ण थोड्या भेटींत मोकळा होतो. पडद्याच्या रुग्णास वर्षभर बांधून घ्यावे लागते. सोलापुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, शहरात खाजगी नेत्ररुग्णालयेही आहेत, ओसीटी आता अपूर्वाईची राहिलेली नाही. तथापि अवघड शस्त्रक्रियेसाठी पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठणारे आजही पुष्कळ, आणि त्यांची पुढची तपासणी मात्र गावाजवळ होते.

येथे एक तांत्रिक बाब आड येते, आणि तिची चर्चा व्हावी तितकी होत नाही. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे पडद्याची जाडी निरनिराळ्या रेषेपर्यंत मोजतात : जुने स्ट्रॅटस प्रकाशग्राही पेशींच्या उजळ रेषेपाशी थांबे, सिरस त्याखालच्या रंगद्रव्याच्या थरापर्यंत जाते, स्पेक्ट्रॅलिस त्याच्याही तळाशी. त्यामुळे एकाच निरोगी डोळ्याच्या जाडीत जुन्या आणि नव्या यंत्रांमध्ये पन्नास ते सत्तर मायक्रॉनचा फरक पडतो. एका यंत्रावर काढलेला आकडा हाती घेऊन रुग्ण दुसऱ्या यंत्रापुढे बसला, तर नसलेली सूज दिसू शकते, किंवा असलेली लपू शकते. त्यातच बहुतेकांच्या फायलीत असतो तो एक छापील कागद, ज्यावर शेकडो छेदांपैकी एक-दोनच निवडून घेतलेले असतात. मूळ प्रतिमा ज्या रुग्णालयाने काढल्या त्याच्या संगणकातच राहतात. माझ्या मते शस्त्रक्रियेनंतरच्या प्रतिमेचे खरे सामर्थ्य तुलनेत आहे, एका सुट्या चित्रात नाही. आणि म्हणून नवे यंत्र विकत घेण्याइतकीच निकड जुन्या प्रतिमा रुग्णाबरोबर प्रवास करू शकतील अशी तजवीज करण्याची आहे.

रुग्णाच्या हाती असलेले साधनही दुर्लक्षिण्याजोगे नाही. यंत्रमागावर काम करणाऱ्याला उभे ताणे मध्येच वाकलेले दिसू लागले, विडी वळणाऱ्या बाईला पानाची कड तुटक दिसली, किंवा बंद-उघड करून एकेका डोळ्याने पाहताना खिडकीचे गज वेडेवाकडे भासले, तर ती तक्रार कोणत्याही ठरलेल्या तारखेची वाट न पाहता तपासणीस नेणारी आहे. कडेने काळी सावली सरकत येणे त्याहूनही तातडीचे. शहरात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड घरोघरी बोलली जाते. घरी जाताना द्यावयाच्या या सूचना तिन्ही भाषांत छापून देण्यास खर्च नगण्य येईल.

अद्याप न सुटलेले प्रश्न

प्रत्येक रुग्णाची ठरावीक मुदतींनी ओसीटी करावी, की तक्रार असेल तेव्हाच, यावर एकमत नाही. पहिल्या मताचे लोक तेल भरलेल्या डोळ्यांकडे आणि मुकाट्याने पातळ होत जाणाऱ्या पेशीथराकडे बोट दाखवितात. दुसरे म्हणतात, की जे आपोआप बरे होणार ते पाहून रुग्णाची चिंता आणि खर्च वाढतो, आणि कधी अनावश्यक औषधेही सुरू होतात. तेल भरलेल्या डोळ्यांपुरती नियमित तपासणी असावी, या मुद्द्यावर दोन्ही बाजू पुष्कळ जवळ येतात असे मला दिसते. तुटलेली प्रकाशग्राही रेषा महिन्यांच्या ओघात कित्येकदा सांधते. तेव्हा ती कोणत्या महिन्यात तुटक दिसली असता कायमची समजावी, याचा निवाडा झालेला नाही. रंग न टोचता रक्तवाहिन्या दाखविणाऱ्या ओसीटी-अँजिओग्राफीचे, पीतबिंदूच्या मध्यभागी असलेल्या रक्तवाहिनीविरहित क्षेत्राविषयीचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. आणि वर उल्लेखिलेले अभ्यास बहुतांश अशा देशांतले, जेथे रुग्ण लवकर येतो आणि ठरल्या दिवशी पुन्हा येतो. उशिरा येणाऱ्या, तेल भरलेल्या, मधुमेह असलेल्या आणि चौथ्या भेटीनंतर न फिरकणाऱ्या रुग्णांत हीच प्रतिमा किती उपयोगी पडते, याचे उत्तर सोलापूरसारख्या ठिकाणच्या दफ्तरांतूनच निघू शकेल, आणि त्यासाठी प्रत्येक डोळ्याची शस्त्रक्रियेपूर्वीची, शस्त्रक्रियेनंतरची आणि तेल काढल्यानंतरची अशी किमान तीन चित्रे एकाच यंत्रावर काढून जपून ठेवण्यापासून सुरुवात करावी लागेल.